जुन्या जिल्ह्याच्या दगडातले किडे

परातीतल्या पाण्यावर पांढरे किडे तरंगत होते. पुढे बसलेल्या बायकांनी ते मोजले आणि आकडा मागच्या रांगेत पोचेपर्यंत नऊचे तीस झाले. सगळं गाव बोअरभोवती दाटीवाटीनं बसलं होतं. ऊन टाळू तापवत होतं, प्यायचं पाणी घागरीनं वाटून मिळत होतं, तरी कुणी जागचं हलायला तयार नव्हतं. परातीशेजारी पंचफुला नावाची नऊ वर्षांची मुलगी दोन्ही तळहात कानांवर दाबून बसली होती. किडे तिच्या कानातून पडले, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. मीसुद्धा पाहिलं होतं.

किडे काढणारा माणूस धुरीबाबा म्हणून ओळखला जाई. बिदरकडून आला होता, सोबत देवणी जातीचा एक वळू घेऊन. पैशाला शिवत नसे, म्हणून लोकांचा विश्वास दुप्पट. रोग्यामागे कडब्याची एक पेंढी तेवढी घ्यायचा. त्या दुष्काळात गावातल्या गुरांच्या बरगड्या लांबून दिसत होत्या आणि बाबाचा वळू मात्र तुकतुकीत होता. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, असं नाही. लोक म्हणत, देवाचं जनावर आहे, त्याला दुष्काळ कसला.

बाबाची पद्धत अशी. परातीत पाणी, पाण्यात मधोमध वीट, विटेवर रसरशीत निखारे. निखाऱ्यांवर तो तुपात कालवलेलं चिमूटभर काहीतरी टाकी आणि लगेच बुडाला भोक पाडलेलं मडकं वर पालथं घाली. भोकात बांबूची नळी, नळीचं दुसरं टोक रोग्याच्या कानाला. पिवळसर धूर कानात जाई, आत तडतड आवाज होई, आणि मडकं उचललं की पाण्यावर किडे.

“आम्ही काही करत न्हाई,” बाबा म्हणाला. “करणारी वरती हाय. आम्ही फकस्त परात.”

“फकस्त परात,” असं म्हणत दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले. परातीला हात जोडलेले मी तेवढे एकदाच पाहिले.

मग बाबानं दुसरा चमत्कार दाखवला. “इंजिन बंद करा,” तो म्हणाला. बोअरवरचं डिझेल इंजिन दिवसभर धडधडत असे. इंजिनवाल्या खाजामियाँनं ते बंद केलं. “कुणी चकार शबूद काढू नका. पाण्यातल्या सातीजणींना गलबला खपत न्हाई.” सगळीकडे चिडीचूप झालं. बाबानं पंचफुलाला समोर बसवलं, दोघांवर घोंगडी ओढली आणि हळू आवाजात विचारलं, “बाळ, तुझं नाव काय?”

“पंचफुला रामकिशन.”

“कोण्या वर्गात हायेस?”

“तिसरीत.”

“सकाळी काय खाल्लीस?”

“भाकर अन् चटणी.”

घोंगडीतून येणारी ती स्वच्छ उत्तरं ऐकून लोकांच्या अंगावर काटा आला. कारण गेले चार महिने ही मुलगी बापाच्या हाकेला ओ देत नव्हती. काही विचारलं तर भलतंच उत्तर द्यायची, नाहीतर नुसती तोंडाकडे बघत राहायची.

बाबा घोंगडीतून बाहेर आला. “तुम्ही बोअर पाडला. दोनशे फूट खाली कुणाचं घर होतं? साती आसरांचं. घर मोडल्यावर त्या कुठं जातील? लेकराच्या कानात येऊन बसल्या. हे किडे म्हंजे त्यांची पिलावळ. पिलं निघाली, सातीजणी आत हायेत. येत्या आवसेला दोन्ही कानांत बिब्ब्याचं कढत तेल सोडायचं. एकदा सोडलं की पुन्हा वर यायच्या न्हाईत.”

पंचफुलाची आई धुरपताबाई माझ्या पुढेच बसली होती. ती खालमानेनं म्हणाली, “बाबा, बिब्बा उततो.”

“उतणारच. आसरा काय थंड पाण्यानं जात्यात?”

तिच्या पायाच्या घोट्याला काळा डाग होता. काटा मोडला म्हणून लहानपणी बिब्ब्याचा चटका दिला होता आणि तो उतून महिनाभर पाय सुजला होता. तो डाग तिनं पदराखाली ओढून घेतला. अमावास्येला आठ दिवस होते.

मी या गावचा गुरुजी. साहेबराव माझं नाव, मूळ गाव भोकरकडे. हे गाव देवणीपासून दोन कोसांवर. त्याचं नाव लिहीत नाही, कारण माझे विद्यार्थी अजून तिथं राहतात. आमच्या घरातले देव छप्पन साली वडिलांनी बाहेर काढले. देव गेले, पण भीती मागं राहिली. दिवेलागणीला विहिरीवर जाऊ नको, हे माझी आई मरेपर्यंत सांगत होती. त्या दिवशी मी उठून काही बोललो नाही, त्याचं कारण सरळ आहे. मी भ्यालो होतो. किडे मी डोळ्यांनी पाहिले होते आणि ते कुठून आले याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

दुसरंही एक कारण होतं. ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

लातूर जिल्हा नवा होऊन तिसरं वर्ष चालू होतं आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी रुसला होता. शाळेच्या दोन खोल्या चाऱ्याच्या साठ्याला दिल्या आणि शाळा बोअरजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये आली. चारही वर्ग एकाच पत्र्याखाली, साठ-पासष्ट पोरं, आणि वीस पावलांवर ते इंजिन. तीन गावांचे टँकर तिथं भरत, त्यामुळे ते शाळा भरण्याआधी सुरू होई आणि सुटल्यावरही चालूच असे. एका कोपऱ्यात पहिली बाराखडी म्हणतेय, दुसऱ्यात चौथी पाढे म्हणतेय, वर पत्रा घुमतोय. मी घसा फोडून शिकवत होतो.

पंचफुला पहिली-दुसरीत बरी होती. शेडमध्ये आल्यापासून बिघडली. मी गणित सांगितलं की म्हणायची, “गुर्जी, परत सांगा.” परत सांगितलं की पुन्हा, “परत सांगा.” एकदा, दोनदा, दहादा. ती माझी टिंगल करते आहे असं मला वाटलं. मी तिच्या हातावर छड्या दिल्या. तरीही तिनं तेच म्हटलं, तेव्हा मी सगळ्या वर्गासमोर ओरडलो, “बहिरी आहेस का?”

ती रडत म्हणाली, “सात-आठजणी एकदम बोलत्यात कानात. मला येकीचंबी कळत न्हाई.”

संध्याकाळपर्यंत हे वाक्य गावभर झालं. सात-आठमधला आठ कुठल्या तरी ओट्यावर गळून पडला आणि सात तेवढ्या उरल्या. पाण्याच्या काठी शेंदूर लावलेल्या सात गोट्यांत साती आसरा बसतात, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. बोअर नवा, मुलीचं बिघडलं तेही तेव्हापासूनच. गावानं दोन्ही जोडलं. बायका सांजच्याला बोअरवर जाईनाशा झाल्या. पोरींना सांगण्यात आलं, बोअरच्या बाजूनं हाक आली तर ओ देऊ नका. पंचफुलाच्या शेजारी वर्गात कुणी बसेना. धुरीबाबा नंतर आला. त्याला वाट आम्हीच करून दिली होती, आणि पहिला दगड मी हलवला होता.

किडे निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी डिझेल संपलं. खाजामियाँ पिंप घेऊन उदगीरला गेला आणि इंजिन दुपारपर्यंत गप्प राहिलं. पहिली आणि दुसरी मी झाडाखाली पाठवली, चौथीला नकाशा काढायला बसवलं आणि तिसरीला शुद्धलेखन सांगितलं. दहा शब्द. फळ्याकडे तोंड करून सांगितले, सवयीनं. पाट्या तपासताना पंचफुलाची पाटी हातात आली. दहापैकी नऊ बरोबर.

मला वाटलं, तिनं कुणाचं तरी पाहून लिहिलं. पण तिच्याशेजारी बसतंय कोण? मी तिला मागं उभी केली आणि पाठमोरा राहून हळूच विचारलं, “पंचफुला, देवणीचा बाजार कोणत्या वारी असतो?” तिनं बरोबर सांगितलं. तेवढ्यात खाजामियाँ परतला, इंजिन धडधडलं. मी अकरावा शब्द सांगितला. तिनं पाटीवर पेन्सिल टेकवली आणि घाबरून माझ्या ओठांकडे पाहू लागली. पाटी कोरीच राहिली.

तेव्हा मला बाबाची घोंगडी आठवली. त्यानं इंजिन बंद करायला लावलं होतं, लोकांना गप्प बसवलं होतं, तिच्या तोंडासमोर तोंड आणलं होतं आणि सावकाश बोलला होता. गेल्या चार महिन्यांत मी यातलं एकही केलं नव्हतं. चमत्कार एवढाच होता.

संध्याकाळी तिच्या बापाकडे, रामकिशनच्या घरी गेलो. पोरीला लातूरला कानाच्या डॉक्टरांना दाखवू म्हटलं. त्यानं चिलीम खाली ठेवली. “गुर्जी, तुम्हीच बहिरी म्हणालात. आता बाबा सांगून राहिले तर तुम्हाला डाक्तर आठवला व्हय?”

मी उठलो. धुरपताबाई मागोमाग गल्लीच्या टोकापर्यंत आली. “परवाच्याला मी माहेराला जाते म्हणून निघते,” ती म्हणाली. “सकाळच्या यष्टीला या.”

लातूरच्या डॉक्टर सुमनबाई जिल्हा झाल्यावर तिथं आल्या होत्या. दवाखान्याच्या पाटीवरचा रंगसुद्धा ताजा होता. त्यांनी कानात बॅटरी मारून पाहिलं. लोखंडी चिमट्यासारखा काटा वाजवून कानाशी धरला. मग मागं उभं राहून कुजबुजत्या आवाजात दहा शब्द सांगितले. पंचफुलानं दहाच्या दहा म्हणून दाखवले. धुरपताबाई माझ्याकडे बघू लागली. सुमनबाईंनी कंपाउंडरला पंखा आणि रेडिओ दोन्ही लावायला सांगितले आणि मोठ्या आवाजात पुन्हा दहा शब्द सांगितले. पंचफुलाला तीन आले. बाकीचे तिनं अंदाजानं सांगितले, आणि ते चुकले हे तिलाच कळलं. तिनं हात कानांवर नेले.

रेडिओ बंद करून सुमनबाई धुरपताबाईसमोर बसल्या. “बाई, तुम्ही सुपानं धान्य पाखडता ना? दाणे मागं राहतात, फोलपट उडून जातं. गोंगाटात आपला मेंदू तसंच पाखडतो. आपल्याला हवा तो आवाज ठेवतो, बाकीचा सोडून देतो. काही मुलांना हे पाखडणं जमत नाही. कान चांगले असतात, बुद्धी चांगली असते, पण सगळे आवाज एकदम आत येतात. तुमची मुलगी त्यातली आहे. मी पुस्तकात वाचलं होतं, असं मूल पहिल्यांदाच बघतेय.”

“औषध?”

“औषध नाही.”

धुरपताबाईचा चेहरा उतरला. बाबाकडे औषध होतं.

“पुढं बसवा,” सुमनबाई म्हणाल्या. “बोलताना तुमचं तोंड तिला दिसू द्या. छोटं छोटं बोला. कळलं नाही तर न चिडता परत सांगा. होईल तेवढा गोंगाट कमी करा. वय वाढेल तसं थोडं सुधारेलही. पण कानात बिब्बा गेला तर पडदा जळेल, आणि मग ती खरोखर बहिरी होईल. ते मला दुरुस्त करता येणार नाही.”

“अन् किडे?” मी विचारलं.

“जखमेवर माशी बसली तर कानात अळ्या होतात. पण मग पू येतो, ठणका लागतो, वास मारतो. हा कान कोरडा आहे. ते किडे कुठून आले मला माहीत नाही. इथून नाही आले.”

परतीच्या यष्टीत धुरपताबाई मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. गाडीच्या खडखडाटात तिनं मुलीची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि काहीतरी विचारलं. पंचफुलानं मान हलवली. आईनं पुन्हा विचारलं, पंचफुलानं पुन्हा मान हलवली, या वेळी हसून. हे सगळं वाटभर चाललं होतं.

घरी मात्र सगळं फुटलं. ती खोटं बोलून गेली म्हणून रामकिशन आधीच तापला होता. त्यानं माझं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “डाक्तरीणबाईनं काय काढून दाखवलं?”

“काही नाही. काढण्यासारखं काही नव्हतंच.”

“बाबानं काढून दाखवलं. सगळ्या गावादेखत.”

त्याचं चुकलं असं मला म्हणता येईना. डोळ्यांनी पाहिलेल्यावर तो विश्वास ठेवत होता, आणि ते किडे मीही पाहिले होते. दिवस उरले होते चार. त्या चार दिवसांत मला नीट झोप लागली नाही. डोळे मिटले की ते तेल दिसे आणि माझंच ‘बहिरी आहेस का’ ऐकू येई.

बाबानं धुरीची राख बोअरच्या बांधावर टाकली होती. मी जाऊन ती काडीनं उकरली. त्यात चपट्या, पिवळसर बियांची फुटकी टरफलं सापडली. मी ती कागदात घेऊन खाजामियाँच्या झोपडीत गेलो. त्याची आई रहमतबी दारात तांदूळ निवडत होती. तिनं पुडी डोळ्यांजवळ नेली.

“ये तो रिंगणी का बी है, गुरुजी. काटेवाली, पिवळी फळं येतात बघा, जमिनीवर पसरती. दुष्काळातबी मरत नाही. माझी सास दातां कू येईच धुरी देती थी. कीडे गिरते थे.”

“दातातले किडे? कसे होते?”

“पांढरे. बारीक. वळलेले.”

मी खाजामियाँकडे पाहिलं. त्यानं मडकं घेतलं आणि स्क्रू-ड्रायव्हरनं त्याच्या बुडाला भोक पाडलं. बी मिळायला तर वेळच लागला नाही, शाळेमागच्या बरड रानात ती काटेरी झुडपं पसरलेलीच होती. परात, वीट, निखारे, तुपातलं बी.

“कान कोणाचा लावू?” त्यानं विचारलं.

“कुणाचाच नको.”

तडतड झाली. मडकं उचललं. पाण्यावर पांढरे, बारीक, वळलेले किडे तरंगत होते. मी एक बी सुईनं सोललं. उन्हानं वाळलेल्या त्या टरफलात तसाच पांढरा, गुंडाळलेला अंकुर होता. निखाऱ्यावर बी फुटतं, अंकुर उडून पाण्यात पडतो, पाणी हललं की वळवळल्यासारखा दिसतो. किडा कधीच नव्हता, ना कानात, ना दातात.

रहमतबीनं पाण्यातला एक अंकुर बोटावर घेतला. “चाळीस साल,” ती म्हणाली, “मला वाटलं माझं तोंडच नापाक हाय. सासूच्या समोर मी तोंडावर हात ठेवून हसायची.” मग ती तांदूळ बाजूला सारून उठली. “आवसेला मी येते तुमच्यासंगट.”

अमावास्येच्या सकाळी बोअरभोवती पहिल्यापेक्षा जास्त गर्दी होती. आजूबाजूच्या वाड्यांतून लोक आले होते. तीन दगडांच्या चुलीवर लोखंडी पळीत काळं तेल कढत होतं, त्याचा वास घशाला खवखवत होता. पंचफुलाला न्हाऊ घालून नवा परकर नेसवला होता. रामकिशननं तिचे दोन्ही खांदे मागून धरले होते. तिला काय होणार हे कुणी धड सांगितलंच नव्हतं, आणि त्या गलक्यात तिला ते कळलंही नसतं. ती फक्त पळीकडे बघत होती आणि तिचा परकर ओला झाला होता.

मी पुढे झालो. “बाबा, आधी एक रोगी बघा. लई वर्षांचा बहिरा हाय.”

खाजामियाँनं रोगी ढकलत आणला. तो एक दगड होता. आमच्या शिवेवर तो पूर्वी उभा असे, त्यावर कोरलं होतं, ‘जि. उस्मानाबाद’. जिल्हा बदलल्यावर सरकारनं नवा दगड रोवला आणि हा उपटून टाकला. तेव्हापासून बायका त्यावर धुणं आपटत. लोक हसले. बाबा हसला नाही.

“देवाची चेष्टा करतोस?”

“तुम्ही नका देऊ. मी देतो धुरी.”

मी परात मांडली. नळीचं टोक दगडाला लावलं. निखाऱ्यावर बी टाकलं आणि मडकं पालथं घातलं. तडतड झाली. मडकं उचललं. पुढच्या बायका वाकल्या आणि मागे सरल्या. जुन्या जिल्ह्याच्या दगडातून अकरा किडे निघाले होते.

“हे रिंगणीचं बी हाय,” रहमतबी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “दगडाला कान न्हाई, दात न्हाई. तरी निघाले. बोला.”

लोक एकमेकांकडे बघू लागले. मला वाटलं, संपलं. पण बाबा कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं हात वर केला. “बघितलंत? दगडसुद्धा बाधला. ह्या जागेतच दोष हाय. इंजिन बंद केलं तर पोरगी बोलती, का? सातीजणी ह्याच बोअरात हायेत, इंजिन चाललं की वर येत्यात. तेल सोडा अन् बोअर बुजवा.”

“बुजवा,” मागून कुणीतरी म्हणालं. आणखी दोघं म्हणाले. आता मात्र मी मनातून घाबरलो. तीन गावांचं पाणी त्या एका भोकातून येत होतं. माझ्या शहाणपणानं मुलीचे कानही जाणार होते आणि गावाचं पाणीही.

“थांबा,” मी म्हणालो. “इंजिन बंदच ठेवा. आसरा आता खाली, बरोबर? बाबा, तुम्हाला कबूल?”

“कबूल.”

मी पोरांकडे वळलो. “सगळे शेडमध्ये चला. पहिली बाराखडी, दुसरी बेचा पाढा, तिसरी कविता, चौथी पंधराचा पाढा. एकदम. घसा फाटेपर्यंत.”

पोरांना असं काम कधी कुणी सांगितलं नव्हतं. पत्रा दणाणू लागला. मी रामकिशनला म्हणालो, “पोरीला आत न्या अन् हाक मारा.” तो तिला घेऊन शेडच्या मधोमध गेला, तिच्या पाठीमागं चार पावलं सरला आणि म्हणाला, “पंचफुले, इकडं ये.” ती तशीच उभी राहिली. तो ओरडला. तिनं कान झाकले.

मी हात वर केला. पोरं गप्प झाली. “आता हाक मारा.”

रामकिशननं मारली नाही. दारात उभी असलेली धुरपताबाई, नेहमीच्या आवाजापेक्षाही हळू, म्हणाली, “पंचफुले, माज्यापाशी येतीस का?”

“आले, माय,” पंचफुला म्हणाली आणि पाठमोरी होती ती वळून आईकडे धावत गेली.

“इंजिन तर बंद होतं,” खाजामियाँ बाबाला म्हणाला. “मग आसरा काय पंधराच्या पाढ्यात बसल्या व्हय?”

या वेळी लोक हसले ते वेगळं हसले. मी हातातलं बी दाखवून सांगितलं की किडे कुठून येतात, आणि सुमनबाईंचं सुपाचं उदाहरण जसंच्या तसं सांगितलं. बोअरनं पोरीचं बिघडवलं, हे गावाचं म्हणणं खरंच होतं. बोअरच्या आवाजानं बिघडवलं होतं. तिला छड्या मारणारा मी होतो, तेही सांगितलं.

बाबा म्हणाला, “तेल गार होऊन राहिलं. पाहिजे असंल तर आणा पोरीला.”

धुरपताबाई नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. “आदी तुमच्या हातावर येक थेंब घ्या. मग न्या तिला.”

रामकिशन चुलीपाशी गेला, काडी तेलात बुडवली आणि मनगटावर थेंब सोडला. तो मटकन खाली बसला आणि हात मातीत खुपसला. थोड्या वेळानं उठला, डाव्या हातानं पळी उचलली आणि सगळं तेल त्या दगडावर ओतलं. उस्मानाबादवर काळा ओघळ आला. बाबानं वळूचा कासरा सोडला आणि वाटेला लागला. त्याला कुणी अडवलं नाही, आणि सोबत एक पेंढीही दिली नाही. तो पुढच्या गावात गेला असणार. ती भीती मला अजून आहे.

रामकिशनचा हात पंधरा दिवस उतला होता. ग्रामपंचायतीनं इंजिनाची वेळ बदलली, ते शाळेआधी आणि शाळेनंतर चालू लागलं. टँकरवाले थोडे कुरकुरले. पाण्याचा एक थेंबही कमी झाला नाही. मी पंचफुलाला पुढे बसवलं आणि फळ्याकडे तोंड करून बोलणं सोडलं. ती बरी झाली नाही. जत्रेत, लग्नात, एस.टी.त तिच्या कानात अजूनही सगळे एकदम बोलतात. फक्त आता तिला माहीत आहे की त्या कुणी आसरा नाहीत, ती माणसंच आहेत.

वाचकहो, तुमच्या घरात, तुमच्या वर्गात, हाकेला ओ न देणारं एखादं मूल असेल. त्याला आळशी म्हणू नका, उर्मट म्हणू नका, मठ्ठ म्हणू नका. बाधलेलं तर अजिबात म्हणू नका. धुरी, अंगारा, तेल घेऊन कुणी दारात आलं, तर तीच धुरी आधी दगडाला द्यायला सांगा. मुलाला डॉक्टरांकडे न्या. आणि हे काही करायच्या आधी, एवढं करा. इंजिन बंद करा, त्याच्यासमोर बसा आणि हळू आवाजात पुन्हा एकदा विचारा.

आम्ही शेड सोडून जुन्या खोलीत परतलो त्या दिवशी मी तिसरीला गणित सांगितलं. पंचफुलानं हात वर केला. छडी मी कधीच मोडून टाकली होती, तरी तिचा हात अर्ध्यावर येऊन थांबला.

“गुर्जी,” ती म्हणाली, “परत सांगा.”

मी परत सांगितलं.